हलका खिमा पाव दर वेळी का फसतो? कोरडा, पाणचट आणि सपक खिम्यावर इलाज

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घरात कुणाचा तरी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट येतो आणि रविवारचा खिमा पाव ‘हेल्दी’ करायचं ठरतं. मटणाच्या जागी चिकन ब्रेस्टचा खिमा, सहा चमच्यांच्या जागी एक चमचा तेल, साध्या लादीच्या जागी ब्राऊन पाव, आणि लोणी फ्रीजमधून बाहेरच काढायचं नाही. मग ताटात जे येतं ते एकतर कोरडा चुरा असतो, नाहीतर पाणी एकीकडे आणि दाणे एकीकडे. मसाला कच्चा लागतो, पाव दोन घासांत लगदा होतो. पुढच्या रविवारी मुकाट्याने जुना खिमा, तवंगासकट. महिन्याभराने पुन्हा हलका प्रयोग, पुन्हा तीच गत.

खिम्यातली चरबी तिथे काही कामं करत असते. मसाल्याचा वास स्वतःत उतरवून घेते, मांसाचे दाणे एकमेकांना चिकटू देत नाही, घास ओला ठेवते आणि मसाला झाला की नाही याची खूणही तीच देते. तिला काढून टाकलं आणि ही कामं दुसऱ्या कुणावर सोपवली नाहीत, तर खिमा फसणारच. म्हणून खाली प्रत्येक बिघाडामागे चरबीचं कोणतं काम अडलं आहे ते बघू. त्याआधी थोडा हिशेब, कारण बरेच जण चुकीच्या जागी काटकसर करतात.

चरबी नक्की कुठे आहे

अर्धा किलो खिमा, खाणारी चार माणसं. घरात साधारण पाच-सहा मोठे चमचे तेल पडतं. १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात जवळपास १२० कॅलरी, म्हणजे सहा चमच्यांत ७२०, माणशी १८०. त्यात दोन पाव चिरून तव्यावर लोण्यात भाजले की माणशी २० ग्रॅम लोणी सहज जातं. त्याचे १४५ धरा. मांसाचा पहिला दाणा पोटात जायच्या आधीच सव्वातीनशे कॅलरी झाल्या.

आता मांसाकडे बघा. १०० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये अडीच-तीन ग्रॅम चरबी असते, कातडी काढलेल्या मांडीच्या मांसात चार-पाच. फरक दोन ग्रॅमचा, म्हणजे वीस कॅलरीसुद्धा नाही. या वीस कॅलरींसाठी लोक ब्रेस्टचा खिमा घेतात आणि रबर चावत बसतात. मटणाचंही तसंच. बोकडाच्या रानाचं किंवा खांद्याचं, वरची पांढरी चरबी काढलेलं मांस काही फार चरबीचं नसतं. खिमा जड होतो तो खाटकाने मशीनमध्ये सोबत सरकवलेल्या तुकड्यांमुळे. तेव्हा आयता ढिगातला खिमा उचलू नका. रानाचा तुकडा दाखवून घ्या, ‘चरबी काढून, समोर करून द्या’ म्हणा. चांगला खाटीक वाईट वाटून घेत नाही.

तेल दीड चमच्यावर आणलं आणि लोणी माणशी ५ ग्रॅमवर, तर माणशी जवळपास अडीचशे कॅलरी वाचतात. मटण मटणच राहतं. माझं स्पष्ट मत असं की हलका खिमा करताना मांस बदलायची घाई करू नये. आधी कढई आणि तवा बदलावा. लाल मांस डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे चिकन घ्या, पण मांडीचं. कोंबडीवाल्याकडे ‘लेग बोनलेसचा खिमा’ मागितला की मिळतो. अगदीच मन मानत नसेल तर अर्धं ब्रेस्ट, अर्धी मांडी.

घरगुती खिम्यात आणखी एक लपलेली जागा आहे: कांदा-खोबऱ्याचं वाटण. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त चरबी असते. चार माणसांच्या खिम्यात २५ ग्रॅम खोबरं म्हणजे एका मोठ्या चमच्यापेक्षा जास्त तेल. आपण तेल मोजून घालतो आणि वाटण डोळे मिटून. खोबऱ्याऐवजी भाजलेला कांदा आणि दोन चमचे डाळं एकत्र वाटलं तर दाटपणा तेवढाच येतो. चव खोबऱ्याची नसते, हे मान्य. पण खिमा पाव हा मुळात इराणी हॉटेलांतून आपल्याकडे रुळलेला पदार्थ, त्यात खोबऱ्याची उणीव फारशी जाणवत नाही. सावजी किंवा कोल्हापुरी पद्धतीचा खिमा हवा असेल तर मात्र हे सोडून द्या, तो हलका होत नाही.

आणि कुलाब्याच्या ऑलिम्पियात किंवा पुण्याच्या १९३५ सालच्या गुडलकमध्ये बसला असाल तर खिमा पाव जसा येतो तसाच खावा. तिथे ‘तेल कमी’ सांगणं हा शिष्टाचार नाही. इथे बोलतो आहोत ते घरच्या, दर आठवड्याच्या खिम्याबद्दल.

मसाला कच्चा किंवा करपलेला: तेल सुटायची वाट बघू नका

फसलेल्या हलक्या खिम्याचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडतं. आपल्याकडच्या प्रत्येक कृतीत एक वाक्य असतं: ‘तेल सुटेपर्यंत परता.’ ही खूण चोख आहे, पण ती भरपूर तेलाच्या स्वयंपाकाची खूण आहे. कांदा-टोमॅटोतलं पाणी उडतं, मसाल्याचं तापमान १०० अंशांच्या वर जातं आणि आतापर्यंत मिसळून राहिलेलं तेल कडेने दिसायला लागतं. म्हणजे तेल सुटणं ही खरं तर पाणी संपल्याची पावती.

तीन कांदे, दोन टोमॅटो आणि दीड चमचा तेल घेतलं तर ते तेल सुटून दिसणारच नाही. कांद्याने ते कधीच पिऊन टाकलेलं असतं. मग करणारी व्यक्ती परतत राहते. मसाला बुडाला लागतो, कडवट होतो. नाहीतर कंटाळून खिमा आधीच घातला जातो, आणि लसूण-टोमॅटोचा कच्चा उग्रपणा शेवटपर्यंत जात नाही. दोन्ही वेळा दोष ‘तेल कमी होतं’ असा दिला जातो. तेल कमी होतं हे खरंच, पण चुकली होती ती खूण.

कमी तेलात बघायच्या खुणा वेगळ्या. मसाल्यातून डाव ओढला की मागे रस्ता उरतो आणि तो लगेच भरून येत नाही. आवाज बदलतो: आधी खदखद असते, मग चरचर सुरू होते. रंग विटकरीहून गडद होतो. आणि नाकाला टोमॅटोचा आंबट वाफारा येईनासा होतो. या चारांतल्या तीन दिसल्या की मसाला झाला, तेल दिसो न दिसो.

कांदा कमी तेलात लाल होत नाही, ही याचीच पोटतक्रार. तिथे क्रम उलटा करायचा. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात एक चमचा तेल, बारीक चिरलेला कांदा, चिमूटभर मीठ आणि तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवा. सहा-सात मिनिटांत कांदा वाफेवर मऊ होतो. मग झाकण काढून आच वाढवा, पाणी उडू द्या आणि परता. बुडाला तपकिरी थर धरला की चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्या. असं तीन-चार वेळा केलं की पंधरा मिनिटांत कांदा छान बदामी होतो. तो खरवडलेला थर म्हणजेच चव, तो टाकायचा नाही. नॉनस्टिकमध्ये हा थर नीट धरत नाही, म्हणून नॉनस्टिकचा खिमा तेल कमी लागत असूनही फिका लागतो. लोखंडी कढई या कामाला चांगली, पण पुढे टोमॅटो येणार आहे आणि आंबटाने लोखंडाची चव उतरते, म्हणून स्टील.

टोमॅटो कांदा पूर्ण झाल्यावरच. आंबट पडलं की कांदा मऊ व्हायचा थांबतो आणि मग कितीही शिजवा, दाताखाली येत राहतो. हळद, तिखट, धणेपूड कोरडी टाकू नका. एवढ्याशा तेलात ती अर्ध्या मिनिटात जळते. दोन चमचे पाण्यात किंवा फेटलेल्या दह्यात कालवून घाला.

दही फाटतं अशीही एक तक्रार येते, आणि ती बहुतेक बिनसायीच्या दुधाच्या दह्याची असते. स्निग्धांश कमी असलेलं दही लवकर फाटतं. त्यात अर्धा चहाचा चमचा बेसन फेटा, दही फ्रीजमधून थेट कढईत नेऊ नका, आणि घालताना आच मंद करून ढवळत राहा. तरी फाटलंच तर घाबरायचं कारण नाही. खिम्याच्या दाण्यांत ते कुणाला दिसत नाही.

खिमा कोरडा, रबरासारखा किंवा गोळे झालेला

पहिला प्रश्न: किती वेळ शिजवला? मटणाच्या खिम्याला आपण पस्तीस-चाळीस मिनिटं झाकून शिजवतो, किंवा कुकरला शिट्ट्या देतो. ते बरोबर आहे, कारण खांद्या-मांडीच्या मांसात जाळीदार चिवट भाग बराच असतो. तो मंद आचेवर, ओलाव्यात हळूहळू विरघळतो आणि रश्शाला चिकट गुळगुळीतपणा देतो. तो गुळगुळीतपणा जिभेला चरबीसारखाच लागतो. चिकन ब्रेस्टमध्ये हा भाग जवळपास नसतो. तिथे विरघळायला काही नाही. जितकं शिजवाल तितके धागे आवळतात आणि आतलं पाणी बाहेर फेकतात. चिकनच्या खिम्याला मटणाची वेळ देणं, हे कोरडेपणाचं सगळ्यात मोठं कारण. मसाला पूर्ण तयार झाल्यावर चिकनचा खिमा घाला आणि त्यानंतर आठ-दहा मिनिटांत गॅस बंद. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सियस पुरे. नसेल तर एकही गुलाबी दाणा उरता कामा नये आणि सुटलेलं पाणी स्वच्छ दिसायला हवं.

अमेरिकेतले मराठी लोक टर्कीचा खिमा वापरतात, त्यांनाही चिकनचंच सगळं लागू. पाकिटावर ९३/७ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा बिनचरबीच्या मांसाचा, दुसरा चरबीचा. तो घ्या. नुसत्या ब्रेस्टचा ९९ टक्क्यांचा खिमा मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथल्या ‘स्लॉपी जो’ या गोडसर टोमॅटो सॉसमधल्या खिम्याच्या सँडविचलाही हलकं करताना हेच दुखणं जडतं, आणि इलाजही तोच: मसाला आधी, टर्की शेवटी.

दुसरा प्रश्न: मीठ कधी घातलं? आदल्या रात्री खिम्याला आलं-लसूण, दही, मीठ चोळून ठेवायची पद्धत मटणाच्या तुकड्यांना ठीक. बारीक मांसात मीठ घालून कालवलं की त्यातली प्रथिनं चिकट होतात. सीख कबाब सळईला धरून राहतो तो याच गुणामुळे. खिमा पावात हा गुण अवगुण ठरतो: कढईत एकच ढेकूळ होतं, ते फोडून फोडून हात दुखतो आणि गोळे शेवटपर्यंत रबरी लागतात. मीठ खिमा सुटा झाल्यावर घाला. कढईत टाकल्याबरोबर पावभाजीचा मॅशर घेऊन पहिल्या दोन मिनिटांत तो फोडा, नंतर उपयोग नाही. चरबी कमी असलेला खिमा जास्त चिकटतो, म्हणून टाकायच्या आधी त्यात दोन-तीन चमचे गार पाणी बोटांनी हलकेच कालवून घेतलं तर तो सहज सुटा होतो.

तिसरं, सोडा. नाकं मुरडू नका. अर्ध्या किलोला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा, एका चमचा पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटं. मांसातला आम्लपणा किंचित कमी होतो, धागे कमी आवळतात, पाणी आत राहतं आणि रंगही लवकर चढतो. पाव चमच्याच्या पुढे गेलात तर मात्र साबणासारखी चव येईल. सोडा घातला असेल तर दही आणि लिंबू शेवटी, लगेच नाही.

मशीनमधून दोनदा काढलेला अगदी बारीक खिमा कबाबासाठी चांगला. पावासाठी एकदाच काढलेला, जाडसर घ्या; खाटीक सुऱ्याने हाताने करून देत असेल तर उत्तमच. दाणा मोठा असला की आतला ओलावा टिकतो.

पाणी सुटतं, खिमा पाणचट होतो

आपल्याकडे खिमा धुतात. चाळणीत घेऊन नळाखाली, तीन-तीन पाण्यांनी. बारीक झालेलं मांस पाणी धरून ठेवतं आणि तेच पाणी कढईत सोडतं; मग खिमा भाजला न जाता उकडला जातो. जंतू धुण्याने जात नाहीत, ते शिजवल्यानेच मरतात. उलट शिंतोडे ओट्यावर उडतात ते वेगळंच. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर मांसाचे तुकडे घरी आणून धुवा, फडक्याने टिपा आणि मग मिक्सरच्या भांड्यात थांबून थांबून फिरवा. गोठवलेला खिमा असेल तर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या आणि जमलेलं पाणी ओतून टाका.

दुसरं कारण गर्दीचं. अर्धा किलो खिमा आठ इंची कढईत एकदम ओतला की वाफ कोंडते. पाणी असेतो तापमान १०० अंशांवर अडकतं, आणि भाजल्याचा खमंग रंग यायला त्याहून बरंच जास्त लागतं. पसरट भांडं घ्या, मोठी आच, खिमा दोन हप्त्यांत घाला, मॅशरने झटपट सुटा करून पसरा आणि मग दोन मिनिटं हात लावू नका. ढवळायची सवय मोडणं अवघड जातं, पण खालून रंग यायला तो स्वस्थ पडायला हवा. चिकटला असं वाटलं तर थांबा, रंग आल्यावर आपोआप सुटतो. हे भाजणं मसाल्याच्या आधी वेगळं करून खिमा बाजूला काढून ठेवायचा, मग त्याच भांड्यात कांदा. थोडं काम वाढतं. चव दुप्पट होते, त्यामुळे कमी तेलाची उणीव निम्मी इथेच भरून निघते. चिकनचा खिमा मात्र अर्धवट भाजूनच बाजूला काढा, वाटी झाकून जवळच ठेवा आणि मसाला झाला की लगेच परत घालून पुरता शिजवा. तो तसाच तासभर पडून राहू देऊ नका.

मांस कमी करून भाजी मिसळायची कल्पना चांगली आहे, पण कोणती भाजी यावर सगळं अवलंबून. दुधी किंवा कोबी किसून घातला तर पाणीच पाणी. मटार चालतात, खिमा-मटार आपला जुनाच. मला सगळ्यात पटतात ती मश्रूम. अर्ध्या किलोतला सव्वाशे-दीडशे ग्रॅम खिमा कमी करून तेवढीच मश्रूम खिम्याच्या दाण्याएवढी बारीक करायची आणि कोरड्या तव्यावर, तेलाशिवाय, पाणी सुटून पुन्हा आटेपर्यंत परतायची. त्यांची चव मांसाशी बेमालूम जुळते आणि घास ओला राहतो. कच्ची घातली तर मात्र त्यांच्यातलं सगळं पाणी रश्शात उतरेल.

मश्रूम मिळत नसतील तर सोया ग्रॅन्युल्स, पण चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. सोयाचा वास येतो ही तक्रार असेल तर ते नुसते भिजवलेले असतात. मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार पाण्यात दोनदा धुवा आणि मूठ आवळून कोरडे पिळा. नीट पिळलेले ग्रॅन्युल्स रस्सा शोषतात, त्यामुळे पाणचट खिम्यावर तो ऐन वेळचा इलाजही ठरतो.

एवढं करून शेवटी रस्सा पातळ राहिलाच, तर खिमा डावाने एका बाजूला सारा, मोकळ्या जागेत रस्सा मोठ्या आचेवर आटवा. घाई असेल तर चमचाभर डाळ्याचं कूट. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालू नका, खिम्याला चायनीज तकाकी येते.

मटणाच्या खिम्यातली चरबी शिजवल्यावर काढायची असेल तर

खाटकाने चरबीसकट खिमा दिलाच तर फेकून द्यायची गरज नाही. खिमा, आलं-लसूण, हळद, थोडं मीठ आणि दीड कप पाणी घालून वीस मिनिटं मंद उकळा. गाळून पाणी वेगळं करा. खिमा आणि पाणी दोन्ही जरा निवले की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. बोकडाची चरबी गारठ्यात घट्ट गोठते. दुसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी चकती जमलेली असेल, ती सुरीने उचलून काढा. खालचं पाणी बहुतेक जेलीसारखं थरथरतं. तेच मसाल्यात घाला, साधं पाणी नको. मांसाचा रस त्यातच आहे. शनिवारी रात्री हे करून ठेवलं तर रविवारी सकाळी अर्ध्या तासात खिमा ताटात.

सगळं जमलं, पण खिमा सपक लागतो

मसाल्यांचे सुगंध पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतात, म्हणून तेच मसाले, तेवढेच, कमी तेलात फिके लागतात. मसाला वाढवून ते भागत नाही, नुसता चरचरीतपणा वाढतो. तेल कधी घालायचं हे बदला. ठरवलेल्या दीड चमच्यातला एक सुरुवातीला कांद्याला, आणि उरलेला अर्धा अगदी शेवटी: छोट्या कढल्यात तुपावर दोन लवंगा, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, आणि ती फोडणी शिजलेल्या खिम्यावर. ढवळायची नाही. वर राहिलेलं अर्धा चमचा तूप नाकाला आणि जिभेला आधी भेटतं, आत मुरलेल्या तीन चमच्यांपेक्षा जास्त जाणवतं.

मिठाचा मोह इथे आवरायचा. सपक लागलं की हात मिठाकडे जातो, पण पावात मीठ असतं, तयार मसाल्यात असतं, लोण्यात असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे. रक्तदाबासाठीच हलका खिमा करत असाल तर एका नाश्त्यात अर्धा कोटा संपवू नका. आधी लिंबू पिळून बघा. मग काळी मिरी, चुरलेली कसुरी मेथी, भरपूर पुदिना-कोथिंबीर. बहुतेक वेळा उणीव आंबटाची असते.

चिकनचा खिमा करूनही मटणाची चव हवी, असा हट्ट घरात असेल तर दीडशे ग्रॅम मटण आणि साडेतीनशे ग्रॅम चिकन. मटण आधी, निदान पंचवीस मिनिटं शिजवून, चिकन शेवटी. दोन्ही एकदम टाकले तर एक चामडं होतं आणि दुसरं कोरडं.

पाव

ब्राऊन पाव म्हणजे गव्हाचा पाव, हा समज बेकरीवाल्यांच्या फार फायद्याचा आहे. पाकीटबंद पाव असेल तर घटकांची यादी वाचा. वजनाने जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पहिलं नाव मैद्याचं आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग असेल तर तो रंगवलेला मैदाच. खरा गव्हाचा पाव मिळाला तर घ्या, पण तो घट्ट असतो, रस्सा कमी पितो, म्हणून त्याच्यासोबत खिमा जरा सैलसर ठेवा. नाही मिळाला तर ताजा लादी पाव, दोनाऐवजी एक, आणि शेजारी काकडी-कांदा-टोमॅटोची मोठी वाटी. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

पावाचा लगदा होतो तो न भाजल्यामुळे. कापलेली बाजू कोरड्या तापल्या तव्यावर टेकवा, कडक होईस्तोवर भाजा आणि गरम असतानाच ब्रशने अगदी पातळ लोणी फिरवा. तव्यावर लोणी टाकून पाव घासला तर तो स्पंजसारखं सगळं पितो. भाजल्यावर लावलं तर ५ ग्रॅममध्ये दोन्ही बाजू होतात. भरून खायचं असेल तर भाजलेल्या बाजूवर आधी कांद्याच्या चकत्या, मग खिमा. डब्यात द्यायचं असेल तर भरून देऊच नका, खिमा एका डब्यात, पाव दुसऱ्यात.

उरलेला खिमा

दुसऱ्या दिवशी चिकनचा खिमा हमखास कोरडा झालेला असतो, आणि पाणी घालून गरम केला तर पाणी वेगळंच राहतं. त्यावर इराणी हॉटेलांनी उत्तर आधीच शोधून ठेवलं आहे: घोटाळा. खिमा थोड्या पाण्यावर वाफेपर्यंत गरम करा, त्यात दोन माणसांना एक अंडं फोडा, मंद आचेवर ढवळा आणि अंडं जेमतेम धरलं की उतरवा. एका अंड्यात ७०-८० कॅलरी, आणि तेलाचा थेंब न घालता दाणे पुन्हा ओले होतात. पहिल्याच दिवशी खिमा कोरडा झाल्याचं लक्षात आलं, पाहुणे दारात आहेत, तरी हेच करा. त्यांना खिमा पाव सांगितला असेल तर सरळ घोटाळा म्हणून वाढा.